एवढ्याशा कारणावरून : कथेतील प्रेमभंग आणि क्षुल्लक खोट

जोडीदाराची एखादी क्षुल्लक खोट डोळ्यांवर येते आणि तेवढ्यावरून प्रेमसंबंध तुटतो, हा कथासाहित्यातील फार जुना प्रसंग आहे. ही खोट बहुधा इंद्रियांना जाणवणारी असते: टक्कल, कानांची ठेवण, अंगाचा वास, बोटे मोडण्याची सवय, जेवण्याची तऱ्हा. कधी ती कागदावरची असते: वयातील चार-पाच वर्षांचे अंतर, हसू येईल असे नाव, पत्रिकेतला मंगळ. व्यसन, मारहाण, फसवणूक किंवा व्यभिचार यांमुळे होणारा प्रेमभंग या प्रकारात मोडत नाही, कारण तिथे कारण आणि परिणाम तोलामोलाचे असतात. इथे कारण चिमूटभर आणि परिणाम आयुष्यभराचा असतो. कथेला लागणारे हसू, चीड किंवा अस्वस्थता या तफावतीतूनच निर्माण होते.

लेखकांनी या प्रसंगाचा उपयोग मुख्यतः तीन कामांसाठी केलेला दिसतो. पहिले काम चोखंदळ माणसाची फजिती करण्याचे. दुसरे, प्रेम आधीच सरले आहे हे पात्राच्याही आधी वाचकाला कळवण्याचे. तिसरे काम सामाजिक आहे: रंग, पैसा, वय, लोकलाज ही उघड बोलता न येणारी कारणे एखाद्या किरकोळ सबबीआड कशी दडवली जातात, हे दाखवण्याचे. भारतीय कथेत तिसरा उपयोग अधिक दिसतो, कारण इथे नकार देणारा माणूस क्वचितच एकटा असतो.

जुन्या कथांतील चोखंदळ

सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळपंचविशी आहे. वेताळाच्या एका कथेत तीन चोखंदळ भाऊ येतात. एकाला अन्नाची पारख, दुसऱ्याला स्त्रियांची, तिसऱ्याला बिछान्याची. राजा त्यांची परीक्षा घेतो. पहिल्याला भातात स्मशानाचा वास येतो, कारण तो तांदूळ स्मशानालगतच्या शेतातला असतो. दुसऱ्याकडे नगरातील अप्रतिम सुंदर गणिका पाठवली जाते. तो नाक दाबून तिला परत पाठवतो, कारण तिच्या अंगाला बकरीचा वास येतो. चौकशीअंती कळते की आई लहानपणीच वारल्याने ती बकरीच्या दुधावर वाढली होती. तिसऱ्याच्या अंगावर सात गाद्यांखालच्या एका केसाचा वळ उठतो.

यांत श्रेष्ठ चोखंदळ कोण, असे वेताळ विचारतो. कथा ऐकणारा राजा विक्रम बिछान्यावाल्याला कौल देतो. त्याच्या अंगावरचा वळ सर्वांना दिसतो. बाकीच्या दोघांना ती माहिती आधीच कुणाकडून मिळालेली असू शकते, असे त्याचे म्हणणे. स्त्रीतली खोट काढणाऱ्याच्या शब्दाला पुरावा काय, ही शंका इतक्या जुन्या कथेने नोंदवलेली आहे. त्या गणिकेला काय वाटले, हे मात्र कथा सांगत नाही.

राजा पुरूरवा आणि अप्सरा उर्वशी यांच्या कथेत अट घालणारी आणि निघून जाणारी स्त्री आहे. शतपथ ब्राह्मणातील कथेनुसार, पुरूरवा आपल्याला कधीही विवस्त्र दिसता कामा नये, अशी उर्वशीची अट असते. तिला परत नेऊ पाहणारे गंधर्व तिच्या बिछान्याशी बांधलेले मेंढे रात्री पळवतात. राजा तसाच धावत उठतो, गंधर्व वीज चमकवतात आणि क्षणात उर्वशी नाहीशी होते. कालिदासाने ‘विक्रमोर्वशीया’त ही अट वगळून कारण आणखी लहान केले. राजाने मंदाकिनीच्या वाळूत खेळणाऱ्या उदयवती या विद्याधरकन्येकडे जरा टक लावून पाहिले, एवढ्यावरून उर्वशी रागाने कुमारवनात शिरते आणि वेल होऊन बसते. मात्र कालिदास संगमनीय मणी देऊन दोघांची पुन्हा भेट घडवतो.

संस्कृत काव्यशास्त्राने या रुसव्याला विप्रलंभ शृंगारात ‘मान’ म्हणून रीतसर जागा दिली. चौदाव्या शतकातील ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ मानाचे दोन प्रकार सांगतो: दुसऱ्या स्त्रीच्या संशयातून येणारा ईर्ष्यामान आणि कारणाशिवाय येणारा प्रणयमान. प्रेमाची चालच वाकडी असल्याने अकारण रागही तिला साजतो, असे तो मानतो. राग घालवण्याचे साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर असे सहा उपायही दिलेले आहेत. हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील सर्वांत जुन्या संग्रहात, अशा रुसव्याची चित्रे विपुल आहेत. एका गाथेत नवरा बायकोच्या पाया पडलेला आहे, तेवढ्यात लहानगा मुलगा त्याच्या पाठीवर चढतो आणि मनात राग असूनही तिला हसू फुटते. जुन्या परंपरेत क्षुल्लक कारणाने प्रेमिक दुरावतात ते बहुधा पुन्हा जवळ येण्यासाठी. त्याच कारणावरून कायमचे तुटणे ही आधुनिक कथेने घातलेली भर आहे.

पाश्चात्य कादंबरी आणि दूरचित्रवाणी

युरोपीय कादंबरीने या प्रसंगाला मानसशास्त्रीय खोली दिली. जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (1811) मध्ये सतरा वर्षांच्या मॅरिअनला कर्नल ब्रँडन नवरा म्हणून हास्यास्पद वाटतो. त्याने पस्तिशी ओलांडलेली असते आणि तो फ्लॅनेलचे जाकीट घालतो. कादंबरीच्या शेवटी ती त्याच्याशीच लग्न करते. नथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द बर्थमार्क’ (1843) या कथेत एल्मर हा शास्त्रज्ञ पत्नीच्या गालावरच्या चिमुकल्या हाताच्या आकाराच्या डागाने पछाडला जातो. प्रयोगशाळेत तो डाग पुसतो. डाग जातो आणि पत्नीही मरते. त्याचा अडाणी मदतनीस मात्र आधीच पुटपुटलेला असतो की ती माझी बायको असती तर मी तो डाग कधीच जाऊ दिला नसता.

या प्रकारातले सर्वांत नेमके निरीक्षण टॉल्स्टॉयचे आहे. ‘अ‍ॅना कॅरेनिना’मध्ये अ‍ॅना मॉस्कोहून परतते. पीटर्सबर्गच्या स्थानकावर नवरा घ्यायला आलेला असतो आणि तिची नजर त्याच्या कानांवर जाते. टोपीच्या कडेला टेकलेले ते कान असे कधीपासून झाले, असा प्रश्न तिला पडतो. कान वर्षानुवर्षे तसेच आहेत. मधल्या दिवसांत तिला पुढे प्रियकर होणारा व्रॉन्स्की भेटलेला आहे. पुढे नवऱ्याची बोटे मोडण्याची सवयही तिला असह्य होते. लग्न कानांमुळे किंवा बोटांमुळे मोडत नाही. मन उडाल्याची पहिली बातमी मात्र कान देतात, तीही अ‍ॅनाने स्वतःशी काही कबूल करण्याआधी.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी दूरचित्रवाणीने याच प्रसंगाचे विनोदी सूत्र बनवले. ‘साइनफेल्ड’ (1989 ते 1998) या मालिकेत नायक जेरी एकीला सोडतो, कारण ती वाटाण्याचे दाणे एकेक करून खाते. 1995 च्या त्या भागात जेरी आणि त्याचा मित्र जॉर्ज यांनी, आता पोरकटपणा पुरे, आयुष्य मार्गी लावू, असा निश्चय केलेला असतो. जॉर्ज लगोलग जाऊन साखरपुडा उरकतो. जेरी वाटाण्यांवर अडतो. 1993 च्या एका भागात त्यांची मैत्रीण इलेन हिचे प्रेमप्रकरण बिनसते, कारण मैत्रिणीला मूल झाल्याचा निरोप लिहून घेताना प्रियकराने उद्गारचिन्ह दिलेले नसते. हसू येते ते इलेन आणि जेरी यांच्याच तऱ्हेवाईकपणाचे. 2024 च्या ‘नोबडी वाँट्स धिस’ या मालिकेने सूत्राला उलटे वळण दिले. नायिकेच्या आईवडिलांवर छाप पाडण्यासाठी नायक जरा जास्तच धडपडतो आणि तिचे मन विटते. मात्र दोघे त्यावर बोलतात आणि नाते टिकते.

बेंगळुरूशी जोडलेल्या कथा

या विषयाचा भारतीय चेहरा बेंगळुरूशी संबंध असलेल्या साहित्यात ठळक दिसतो. निरनिराळ्या भाषांचे लेखक या शहरात राहिले आणि घराबाहेर पडून स्वतःपुरता निर्णय घेऊ पाहणारी माणसे त्यांच्या लेखनात आली. निर्णय मात्र खरोखर स्वतःपुरता राहतो का, हा प्रश्न या कथा पुन्हा पुन्हा विचारतात.

आर. के. नारायण यांना माल्गुडी हे गाव सुचले ते 1930 च्या विजयादशमीला, बेंगळुरूत आजीकडे असताना. त्यांच्या ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ (1937) मधील माल्गुडीचा चंद्रन नदीकाठी दिसलेल्या मालतीच्या प्रेमात पडतो. तिच्याशी तो एक शब्दही बोललेला नसतो. घरचे अखेर मान तुकवतात, पण चंद्रनच्या पत्रिकेतला मंगळ आडवा येतो आणि सगळे तिथेच थांबते. इथे खोट ना मुलीत ना मुलात. ती ज्योतिषाच्या कागदावर आहे. चंद्रन काही महिने संन्यासी होऊन भटकतो, परततो आणि घरच्यांनी पाहिलेल्या सुशीलेच्या प्रेमात तितक्याच उत्कटतेने पडतो. कारण किती क्षुल्लक होते आणि प्रेमही किती कोवळे होते, हे नारायण एकाच फटक्यात दाखवतात.

माथेरानला जन्मलेले, मराठी रंगभूमी आणि चित्रपटालाही परिचित असलेले गिरीश कार्नाड यांचे 2019 मध्ये बेंगळुरूत निधन झाले. त्यांच्या ‘हयवदन’ (1971) या नाटकाचा मराठी प्रयोग विजया मेहता यांनी दिग्दर्शित केला होता. नाटकातील घोड्याच्या तोंडाचा हयवदन आपली जन्मकथा सांगतो. त्याची आई कर्नाटकाची राजकन्या. स्वयंवराला अरबस्तानचा राजपुत्र पांढऱ्या घोड्यावरून येतो आणि ती राजपुत्राला सोडून घोड्यालाच वरते. पंधरा वर्षांच्या संसारानंतर एका सकाळी घोड्याचा देखणा गंधर्व होतो. तो शापित असतो. गंधर्व तिला आपल्या लोकी बोलावतो. पुन्हा घोडा होणार असशील तरच येते, असे सांगून ती नकार देते. नवरा फार देखणा झाला म्हणून संसार मोडल्याचे असे उदाहरण दुसरीकडे सापडणे कठीण.

मुख्य कथेतील पद्मिनीची मागणीही अशीच पुरी न होणारी आहे. तिला नवरा देवदत्त याची बुद्धी आणि त्याचा मित्र कपिल याचे शरीर एकत्र हवे असते. कालीच्या देवळात शिरांची अदलाबदल होते तेव्हा ते काही काळ मिळतेही. मग देवदत्ताचे डोके कपिलाच्या शरीराला आपल्या वळणावर नेते, व्यायाम सुटतो, पिळदार अंग सैल पडते आणि पद्मिनीचे मन पुन्हा अरण्यातल्या कपिलाकडे ओढ घेते. निर्दोष जोडीदाराचा शोध किती दूर नेऊ शकतो, याचे हे टोकाचे रूप आहे. हे कथानक वेताळपंचविशीतून टॉमस मानच्या लघुकादंबरीमार्गे कार्नाडांपर्यंत आले, म्हणजे चोखंदळ भावांची कथा आणि पद्मिनीची कथा एकाच घरच्या आहेत.

बेंगळुरूवासी लेखिका अनिता नायर यांच्या ‘लेडीज कूपे’ (2001) या इंग्रजी कादंबरीची सुरुवात बेंगळुरू कँटोन्मेंट स्थानकात होते. आयकर खात्यात कारकुनी करणारी, पंचेचाळिशीची अविवाहित अखिला कन्याकुमारीच्या गाडीत बसते. तिच्या भूतकाळात हरी आहे. प्रेमात काही कमी नसते, पण तो तिच्याहून वयाने लहान असतो. लोकांच्या नजरा तिला बोचतात, आपण जोडीने कसे दिसत असू हा विचार पिच्छा सोडत नाही आणि ती स्वतःच संबंध तोडते. वयातील अंतर तिला एकटीला कधी खुपले नसते. खुपते ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतून. कादंबरीच्या शेवटी ती कन्याकुमारीहून हरीला फोन लावते. वडील गेल्यापासून घर चालवणाऱ्या या बाईला स्वतःच्या नजरेने पाहायला इतकी वर्षे लागतात, हा कादंबरीचा मुद्दा आहे.

जयंत कायकिणी यांनी मुंबईत दीर्घकाळ नोकरी केली, पुढे ते बेंगळुरूत स्थायिक झाले. त्यांच्या मुंबईवरील कन्नड कथांचा तेजस्विनी निरंजना यांनी केलेला ‘नो प्रेझेंट्स प्लीज’ हा अनुवाद 2018 च्या डीएससी पुरस्काराचा मानकरी ठरला. शीर्षककथेत आसावरी लोखंडे आणि पोपट हे निराधार जोडपे लग्नाच्या तयारीत आहे. पत्रिका छापायची वेळ येते आणि नाव-आडनावाचा प्रश्न उभा राहतो. मराठी वाचकाला ‘पोपट’ या नावातला चिमटा समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्यामागे घराणे नाही, त्यांच्या बाबतीत नावासारखी साधी गोष्टही दोन माणसांत अंतर पाडू शकते, हे कायकिणी आवाज न चढवता सांगतात.

शशी देशपांडे आणि विवेक शानभाग यांची दोन पुस्तके या विषयाची सीमा आखतात. धारवाडला जन्मलेल्या आणि बेंगळुरूत राहणाऱ्या देशपांडे यांच्या ‘अ मॅटर ऑफ टाइम’ (1996) मध्ये गोपाल पत्नी सुमी आणि तीन मुलींना सोडून जातो. नातेवाईक कारण शोधत राहतात. सुमी विचारत नाही. इथे क्षुल्लक कारणाचाही आधार काढून घेतलेला आहे. शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ (2013) या बेंगळुरूत घडणाऱ्या कन्नड लघुकादंबरीत नेमके उलटे घडते. लग्नानंतरच्या पहिल्या जवळिकीत एका न सुटणाऱ्या गाठीवरून नववधू अनिता माहेरचा खासगी, निरर्थक शब्द उच्चारते आणि तेवढ्याने नवरा-बायको जवळ येतात. क्षुल्लक गोष्ट जशी तोडू शकते तशी जोडूही शकते. पुढे त्यांच्यात येणारा दुरावा सवयींतून येत नाही. तो नव्याने आलेल्या पैशाने बदललेल्या कुटुंबातून येतो.

बेंगळुरू सोडून कन्नड चित्रपटाकडे वळले तर ‘ओंदु मोट्टेय कथे’ (2017) हे महत्त्वाचे उदाहरण. राज बी. शेट्टी यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या, मंगळुरूत घडणाऱ्या या चित्रपटाच्या निर्मात्यांत पवन कुमार होते. नायक जनार्दन हा कन्नडचा अधिव्याख्याता, वय अठ्ठावीस, डोक्यावर टक्कल. त्यापायी त्याला नकार मिळत राहतात. मग सरला भेटते. ती लठ्ठ असते आणि आता नाक मुरडण्याची पाळी जनार्दनची येते. ज्याच्यात खोट काढली गेली तोच दुसऱ्यात खोट काढतो, ही या चित्रपटाची कळ आहे. 2019 मध्ये त्याचा ‘उजडा चमन’ हा हिंदी अवतार आला.

मराठी रंगभूमी आणि चित्रपट

मराठीत हा प्रसंग मुख्यतः लग्न जमवण्याच्या अंगाने आला. त्यामुळे इथे प्रेम तुटते त्याहून अधिक वेळा ते सुरूच होऊ दिले जात नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (1911) मध्ये श्रीमंत घरची भामिनी धैर्यधराला झिडकारते, कारण तो गरीब शिपाईगडी आहे. पुढे वनमालेच्या वेषात ती त्याला जवळून पाहते आणि पैशाचा चष्मा उतरतो. विजय तेंडुलकरांच्या ‘अशी पाखरे येती’ (1970) मधली सरू चारचौघींसारखी. पाहायला आलेल्यांच्या नकारांनी तिचा स्वतःवरचा विश्वास उडालेला असतो. घरात आलेला एक उपरा तिला तो मिळवून देतो आणि निघून जातो. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) मध्ये मुंबईची मुलगी पुण्याच्या मुलाला नकार द्यायलाच आलेली असते. एकमेकांच्या शहरांतल्या खोटी काढता काढता दिवस सरतो आणि मन जुळते.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ (2023) या सगळ्यांत कठोर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यात चित्रित झालेल्या या चित्रपटाला टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला. सुरुवातीला बायकांच्या घोळक्यासमोर एक तरुण बसलेला आहे आणि त्या त्याला नाव, उंची, आवडीनिवडी विचारत आहेत. ते नायिका सविताचे स्वप्न असते. जाग आल्यावर पाटावर तीच बसते. तेच प्रश्न, तेच पोहे, तोच चहा आणि नंतर नकार: रंग सावळा, उंची कमी. प्रसंग पुन्हा पुन्हा जवळपास तसाच दाखवल्याने प्रेक्षकाला आधी हसू येते, मग हसण्याची लाज वाटते. व्यवहारात हा नकार ‘पत्रिका जुळत नाही’ किंवा ‘योग नाही’ अशा सभ्य शब्दांत कळवला जातो. देण्याघेण्याचा हिशेब त्या शब्दांआड राहतो. नारायणांच्या चंद्रनला पत्रिका खरोखर आडवी आली. सविताच्या जगात ती बहुधा सबब असते.

नकाराचा अधिकार

या सर्व उदाहरणांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, खोट आणि कारण वेगवेगळी असतात. अ‍ॅनाला कान दिसतात पण कारण व्रॉन्स्की असतो. अखिला वय मोजते पण कारण लोकलाज असते. सविताची उंची मोजली जाते पण तोलली जाते ती तिच्या बापाची ऐपत. ज्या कथेत खोट हेच कारण असते, तिथे लेखकाला विनोदाकडे वळावे लागते, कारण वाटाण्याच्या दाण्यांवर शोकांतिका उभी राहत नाही. हॉथॉर्नने ती डागावर उभी केली, पण त्यासाठी नायकाला वेड लागावे लागले.

दुसरी गोष्ट अधिकाराची. खोट काढण्याचा हक्क कुणाला, यावर कथेचा सूर ठरतो. बकरीच्या वासाची गणिका आणि डागाची पत्नी यांना बोलायला जागा नाही. खोट पुरुष काढतो, भोगते बाई. उर्वशी, भामिनी, पद्मिनी, इलेन या नकार देणाऱ्या स्त्रिया कथेला मोकळे करतात, पण त्यांच्या चोखंदळपणाला ‘नखरा’ म्हणण्याची सवय वाचकालाही असते. पुरुषाचा नकार ‘पसंती-नापसंती’ ठरतो, बाईचा ‘शिष्टपणा’. ‘ओंदु मोट्टेय कथे’ आणि ‘स्थळ’ यांचे मोल असे की दोघांनी पाहणाऱ्याला पाहिले जाणाऱ्याच्या जागी बसवले.

टिकाऊ ठरलेल्या कृती खोटीचा निवाडा करत नाहीत. टक्कल वाईट की चांगले, मंगळ खरा की खोटा, यात त्या शिरत नाहीत. खोट काढणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चालले होते आणि त्याच्या पाठीशी कोण उभे होते, एवढे त्या दाखवतात. क्षुल्लक खोटीची कथा ही नाकारलेल्या माणसाची कथा वाटली, तरी ती नाकारणाऱ्याचीच असते, आणि हे ज्या लेखकाला उमगत नाही त्याच्या हाती फक्त एक चुटका उरतो.